तीन किलो दोनशे

बाळ्या सुट्टीवरून परतला आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आला. चेहरा उन्हाने रापलेला, पायात नवे बूट, पण तोंड पाडलेलं.

"सामान गहाळ झालं की काय?" मास्तरांनी विचारलं.

"सामान आलं. जास्तीचंच आलं. तीन किलो दोनशे ग्रॅम." त्याने पोटावर थाप मारली. "आठ दिवसांत."

दुसरा कोणी 'तीनेक किलो' म्हणाला असता. बाळ्या दशांश सोडून बोलत नाही. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याची पावलं मोजतं, झोप मोजतं आणि फार वेळ बसला की 'उठा' म्हणून गुरगुरतं. गेल्या महिन्यात ते मास्तरांच्या वाक्याच्या मध्येच गुरगुरलं आणि हा खरोखर उठून चालू लागला. मास्तरांनी ते वाक्य अजून पूर्ण केलेलं नाही आणि बाळ्याला माफही केलेलं नाही.

"आता पाच दिवस फक्त पाणी," बाळ्याने जाहीर केलं.

"पाणीच तर घेऊन आलायस," ताई म्हणाली.

ताईने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालवलंय. समोरच्याने आकडा उच्चारला की तिचे डोळे बारीक होतात. "एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुझ्या तीन किलो दोनशेच्या किती होतात?"

घड्याळात गुणाकाराची सोय होतीच. "चोवीस हजार सहाशे चाळीस."

"आठ दिवसांनी भाग."

"तीन हजार ऐंशी."

"म्हणजे तुला रोज लागतं ते जेवून, वर आणखी तीन हजार ऐंशी. रोज. तू अडीच माणसांचं जेवत होतास का?"

"याच्या पंगतीला मी बसलोय," दाद्या म्हणाला. "अडीच शक्य आहे."

बाळ्याने लक्ष दिलं नाही. दाद्याने त्याची बॅग एकदा उसनी नेली होती आणि एक चाक कमी करून परत आणली होती, तेव्हापासून तो दाद्याच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही.

मास्तरांना विज्ञान शिकवून निवृत्त झाल्याचं दुःख आहे, ते अशा वेळी उफाळून येतं. "जायच्या आधी काय करत होतास?"

"पंधरा दिवस कडक पथ्य. फोटोंसाठी."

"हां! म्हणजे गोदाम रिकामं करून गेलास. शरीर साखर साठवतं, ग्लायकोजेन म्हणतात तिला. यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत चारशेच्या आसपास. आणि ही साखर एकटी राहत नाही. एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोबत ठेवते. तू तिकडे जाऊन दोन दिवस नीट जेवलास, चारशे ग्रॅमचं गोदाम भरलं, तर वर बाराशे ग्रॅम पाणी. झाले एक किलो सहाशे. यात चरबी शून्य."

"आणि मीठ," ताई म्हणाली. ती बोटांवर मोजत होती. "दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हॉटेलातल्या जेवणात तेवढं कुठे सरलं ते कळतही नाही. शरीराचं पाणी खारट, लिटरला नऊ ग्रॅमच्या हिशेबाने. नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकून राहिलं की एक लिटर पाणी धरून ठेवतं. परतीचा प्रवास किती तासांचा?"

"चौदा. बसूनच."

"पाय सुजले?"

बाळ्या गप्प. मग म्हणाला, "बूट हातात घेऊन उतरलो."

"पोटरीचा पंप बंद, पाणी पायात," असं मास्तर म्हणाले आणि मग आवाज उतरवून, सभ्यपणे, "आणि... सकाळचं?"

"प्रवासात मला होत नाही."

"किती दिवस?"

"तीन," बाळ्या म्हणाला. दाद्या कट्ट्यावरून खाली घसरला.

हशा ओसरल्यावर ताईने खरा प्रश्न विचारला. वजन कधी केलंस? जाताना सकाळी, अनशापोटी, अंगावर जेमतेम कपडे. आल्यावर रात्री, जेवून, जीन्स आणि पट्ट्यासकट.

"जमा एका वहीत आणि खर्च दुसऱ्या वहीत," ताई म्हणाली. "माझ्याकडे असा हिशेब आला असता तर मी फाईल तोंडावर मारली असती."

बाळ्याचा मुद्दा तेवढ्यापुरता बरा होता, तो सांगायलाच हवा. तो म्हणाला, "पाणी असेल तर उपवासाने झपाट्याने उतरेलच ना? मग माझा उपाय बरोबर ठरला."

"तू कोंबडं झाकलंस काय, सोडलंस काय, तांबडं फुटणारच आहे," ताई म्हणाली. " नेहमीसारखं जेवलास तरी आठवड्यात मुतून टाकशील. उपाशी राहिलास तर श्रेय उपवासाला देशील आणि वर्षभर आम्हाला छळशील."

मी मध्ये तोंड घातलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाने २०१६ मध्ये एक अभ्यास छापला होता, एक ते तीन आठवडे सुट्टीवर गेलेल्या १२२ प्रौढांचा. सुट्टीत सरासरी वाढ तीनशे ग्रॅमच्या जरा वर.

"बस? तीनशे?" बाळ्याला अपमान वाटला.

"सहा आठवड्यांनीसुद्धा ते उतरले नव्हते. थोडे वाढलेच होते."

"तेच तर," ताई म्हणाली. "तीन किलोचा पाहुणा आरडाओरडा करत येतो आणि जातो. तीनशे ग्रॅमचा मुक्कामाला राहतो. त्याच्यासाठी कोणी उपास धरत नाही आणि दर सुट्टीला त्याचा एक भाऊ येतो."

मी पुढे सांगितलं की सुट्टीने लोकांचा ताणही उतरला होता आणि परत आल्यावरही काही आठवडे कमीच राहिला होता. सगळ्यांनी बाळ्याकडे पाहिलं. तो गालफडं चाचपत होता. विषय सोडला.

दाद्या बराच वेळ संधीची वाट पाहत होता. "मी बघा. गेल्या वर्षी डोंगरात गेलो, दोन किलो घटवून आलो. माणसाने सुट्टीत चालावं."

"उंचावर भूक मरते, श्वासावाटे पाणी जातं, वर स्नायूही झिजतात," मास्तर म्हणाले. "तुझी चरबीच गेली कशावरून? शिवाय विषुववृत्तावर तर नुसतं उभं राहिलं तरी वजन ध्रुवापेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी भरतं. वस्तुमान मात्र..."

"मग पुढच्या सुट्टीला विषुववृत्त," बाळ्या म्हणाला. मास्तरांचं हेही वाक्य अर्धंच राहिलं.

मला मात्र काट्याची आठवण झाली. बाळ्या सुट्टीवर जाताना वजनकाटा बॅगेत नेतो. एका प्रवासात बॅग २३ किलोंच्या वर गेली, जवळपास काट्याच्याच वजनाने, तर या गृहस्थाने काटा ठेवला आणि माझी दोन जाकिटं बाहेर काढली. भर उन्हाळ्यात मी दोन जाकिटं घालून विमानात चढलो. मी विचारलं, "या वेळी काटा नेला होतास ना?"

"नेला होता. हॉटेलातच राहिला."

ताईचे डोळे बारीक झाले. "मग रात्री वजन कशावर केलंस?"

"दाद्याचा आणला. बॅगेच्या चाकाची भरपाई."

"माझा?" दाद्या हसायला लागला. "अरे, तो दीड किलो जास्त दाखवतो! म्हणून तर मी..." आणि थांबला.

"म्हणून तर तू काय?" ताई.

"काही नाही."

"डोंगरात जायच्या आधी वजन कुठे केलंस?"

"घरी."

"आणि आल्यावर?"

उत्तर बाळ्यानेच दिलं, अगदी आनंदाने. "माझ्याकडे! माझ्या काट्यावर! मीच वाचून दाखवलं होतं!"

"म्हणजे तुझे दोन किलो," ताई दाद्याला म्हणाली, "अर्धा किलो." मग बाळ्याकडे वळली. "आणि तू. दीड किलो काट्याचा, एक सहाशे गोदामाचं, एक लिटर मिठाचं, शिवाय जीन्स, जेवण आणि ते तीन दिवसांचं. मी धरलेलं सगळं खरं असेल तर बेरीज पाचाच्या वर जाते. याचा अर्थ तू सुट्टीत बारीक झालास."

बाळ्याने पटकन घड्याळात वजाबाकी सुरू केली. तेवढ्यात ते गुरगुरलं. तो उठला, दोन पावलं चालला, परत येऊन बसला आणि दाद्याला म्हणाला, "चाकाचे पैसे मात्र वेगळे."