टक-टक की टर्र-टर्र? फोनवरून गाडीचं दुखणं ओळखणारा रेडिओ

मराठीत गाड्या, खेळ आणि हसतखेळत गप्पा एकत्र आणणारा एक चांगला फोन-इन कार्यक्रम व्हायला हवा, रेडिओवर किंवा पॉडकास्ट म्हणून. पण तो करायला बसलं की पहिल्याच बैठकीत एक चूक होते: ‘दोन विनोदी माणसं शोधा, गाड्यांचं काय ते बघू.’ खरं तर क्रम उलटा हवा. आधी गाडी कळणारा माणूस, मग त्याच्यासोबत मनापासून हसणारा दुसरा.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या ‘कार टॉक’चं. बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआर स्टेशनने १९७७ मध्ये श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी मेकॅनिक मंडळींचं पॅनेल बोलावलं. आले एकटे टॉम मॅग्लिओझी. पुढच्या खेपेला ते धाकट्या भावाला, रे यांना, सोबत घेऊन आले. दोघांमध्ये बारा वर्षांचं अंतर, दोघेही अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत तंत्रविद्यापीठात शिकलेले. १९७३ मध्ये त्यांनी बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये एक गॅरेज काढलं होतं, तिथे लोक जागा आणि पाने-पकडी भाड्याने घेऊन आपली गाडी आपणच दुरुस्त करत. १९८७ पासून एनपीआरने, म्हणजे अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओच्या जाळ्याने, कार्यक्रम देशभर ऐकवला, १९९२ मध्ये रेडिओ-टीव्हीसाठीचा मानाचा पीबॉडी पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये नवे भाग थांबले. टॉम २०१४ मध्ये गेले, तरी जुने भाग पुढे कितीतरी दिवस वाजत राहिले.

त्यांनी स्वतःला घेतलेलं नाव होतं ‘क्लिक अँड क्लॅक, द टॅपेट ब्रदर्स’. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला या नावातली गंमत लगेच कळेल. इंजिनातल्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह, आणि त्या दाबणारे भाग म्हणजे टॅपेट. व्हॉल्व्हच्या वर दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी फट ठेवलेली असते. ती वाढली की इंजिन टक-टक करायला लागतं आणि मेकॅनिक म्हणतो, ‘टॅपेट वाजतायत.’ म्हणजे कार्यक्रमाच्या नावातच एक आवाज होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण असा कार्यक्रम आवाजावरच उभा राहतो.

आता फोनवर गाडीचा आवाज ऐकायचा तर अडचण काय येते ते बघा. कॉलर म्हणतो, ‘थांबा, बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरतो.’ हे करू देऊ नका. साधी फोनलाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं असलेलाच आवाज पोचवते. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) उभ्या जागी चालत असेल तर त्यात सेकंदाला जेमतेम २७ वेळा इंधन पेटतं. तो खालचा धडधडाट फोनच्या पट्टीत बसतच नाही. नव्या मोबाइल कॉलची पट्टी ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंद असते, पण तिथे दुसरीच भानगड होते. फोनमधली आवाज साफ करणारी यंत्रणा एकसारखी चालणारी घरघर ‘गोंगाट’ समजून दाबून टाकते. म्हणजे जे ऐकायचं तेच नेमकं गायब.

म्हणून कॉलरला तोंडाने आवाज काढायला लावायचा. ‘कार टॉक’वर लोक हेच करायचे आणि श्रोते त्यासाठी जीव टाकायचे. कोणी शिक्षक असो की डॉक्टर, फोनवर ‘घुर्रर्र... टक... घुर्रर्र... टक’ करतोय. ते ऐकून हसू येतंच, पण त्याच वेळी मेकॅनिकला दोन गोष्टी कळतात: आवाजाचा ताल आणि त्याचा पोत. माणूस नक्कल करताना जे महत्त्वाचं वाटलं तेच उचलतो, बाकीचं आपोआप गाळतो. मराठी तर या कामाला फारच सोयीची भाषा आहे. खडखड, घरघर, करकर, किरकिर, टकटक, ठकठक, फटफट, सूं सूं, कुईं, यातल्या प्रत्येक शब्दाची जागा वेगळी आणि बहुतेकदा पार्टही वेगळा.

कुईं: सकाळी सुरू करताना किंवा एसी लावल्यावर आला आणि थोड्या वेळाने गेला, तर बेल्ट. सूं सूं किंवा घूं घूं: वेगासोबत वाढतो आणि स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवलं की आणखी वाढतो, तर डाव्या चाकाचं बेअरिंग बघा, कारण उजवीकडे वळताना भार डावीकडे जातो. टक-टक-टक: हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर, तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. तिथे आधी रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, धूळ आत शिरते आणि मग जॉइंट झिजतो. बूट वेळेवर बदलला असता तर जॉइंट वाचला असता, हेही त्याच फोनवर सांगून टाकायचं. लहान लहान खड्ड्यांवर खडखड म्हणजे बहुतेक वेळा सस्पेन्शनचा लिंक रॉड. मोठ्या खड्ड्यात ठक म्हणजे चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश किंवा शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग. चावी फिरवल्यावर ‘टटटटट’ झालं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच ‘खट’ करून शांत झाली तर स्टार्टरकडेही बघा. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनवरही १२.५च्या आसपास अडकून बसली तर बॅटरीला दोष देऊ नका, ती चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट तपासा.

आवाज काढून झाला की लगेच उत्तर द्यायची घाई नको. पहिला प्रश्न ठरलेला हवा: आवाज इंजिनाच्या फेऱ्यांसोबत बदलतो की गाडीच्या वेगासोबत? उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस केल्यावर आला तर चाकं, बेअरिंग, शाफ्ट सगळं एका फटक्यात यादीतून बाहेर. दुसरा: क्लच दाबल्यावर काय होतं? दाबल्यावर सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. तिसरा: थंड असताना की तापल्यावर? चौथा: याआधी गाडीला कोणी हात लावला, आणि काय केलं? हा चौथा प्रश्न बरेच जण विसरतात. पण ‘परवाच सर्व्हिसिंग करून आणली’ या एका वाक्यात कितीदा तरी सगळं उत्तर असतं.

इथे हसण्याचं खरं काम सुरू होतं. गाडी बिघडलेला माणूस ओशाळलेला असतो. ऑइल बदलायचं राहिलंय, पाणी भरलेल्या अंडरपासमधून गाडी घातलीय, हँडब्रेक न सोडता पाच किलोमीटर चालवलीय, हे तो गॅरेजमध्ये सांगत नाही. रेडिओवर समोरची दोघं एकमेकांची खेचतायत, हसतायत, हे ऐकून तो सैलावतो आणि खरं बोलतो. त्यातूनच निदान हाती लागतं. मात्र चेष्टा कॉलरची करायची नाही. एकमेकांची करा, गाडीच्या कंपनीची करा, मेव्हण्याच्या सल्ल्याची करा. मॅग्लिओझी बंधू दर आठवड्याला निरोप घेताना ‘माझ्या भावासारखी गाडी चालवू नका’ असं सांगत, ते याच रीतीने. शेवटी श्रेयनामावलीत खोटी नावं वाचत. त्यातला ड्रायव्हर ‘पिकॉव अँड्रोपॉव’, म्हणजे ‘पिक-अप अँड ड्रॉप-ऑफ’, मराठी कानालाही लगेच कळतो.

दोन निवेदक एकाच खोलीत का हवेत, यालाही तांत्रिक कारण आहे. मोबाइल कॉलमध्ये आवाज पोचायला थोडा उशीर होतो. तो एका बाजूने सेकंदाच्या सातव्या भागाच्या पुढे गेला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळायला लागतात. विनोदाला ठेका लागतो आणि फोनवर तो तुटतो. समोरासमोर बसलेल्या दोघांनी ठेका सांभाळला की कॉलरवर विनोद करायची जबाबदारीच राहत नाही. त्याने फक्त खरं बोलायचं.

खेळाच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. १९८७ मध्येच, जुलैच्या १ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन हे दिवसभर खेळांवरच बोलणारं स्टेशन सुरू झालं. तिथली माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रुसो यांची जोडी १९८९ ते २००८ एकमेकांशी भांडत टिकली. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या रेडिओ फाइव्हवर १९९१ मध्ये ‘सिक्स-ओ-सिक्स’ आलं. नावच वेळेवरून, संध्याकाळी सहा वाजून सहा मिनिटं. सामना संपवून घरी निघालेले फुटबॉलवेडे गाडीतून ऐकत आणि फोन लावत. म्हणजे खेळाचा फोन-इन वाढला तोही गाडीतच, त्यामुळे हे दोन विषय एका तासात आणणं मला मुळीच ओढूनताणून वाटत नाही.

प्रश्न विचारायची पद्धतही तीच ठेवावी. ‘कॅप्टनला अक्कल नाही’ हे निदान होत नाही. विचारा: कुठली ओव्हर? बोलर कोण होता, त्याच्या किती ओव्हर शिल्लक होत्या? फील्ड काय लावली होती? निर्णय चुकला की निर्णय बरोबर होता पण बॉल चुकीच्या टप्प्यावर पडला? या चौथ्या प्रश्नापाशी आरडाओरडा करणारा माणूससुद्धा थबकतो आणि विचार करून बोलतो. खासगी एफएमवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण केंद्र सरकारच्या २०११च्या एफएम धोरणानुसार खेळांची माहिती बातमीत मोजली जात नाही. मोठ्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण तेवढं करता येत नाही. सामन्यानंतरच्या चर्चेला अडसर नाही.

करायला बसणाऱ्यांसाठी कामाचं थोडं. ‘कार टॉक’ ऐकताना थेट वाटायचा, पण तो आधी रेकॉर्ड व्हायचा. लोक फोनवर निरोप ठेवत, निर्माते त्यातून निवडून परत फोन लावत, आणि दोघा भावांना प्रश्न आधी सांगितलेला नसे. शेवटची गोष्ट सोडू नका, आधी तयारी केलेलं आश्चर्य ऐकणाऱ्याला लगेच कळतं. नव्वद मिनिटं रेकॉर्ड करा, पन्नास ठेवा. साउंड मिक्सरवर कॉलरला परत जाणाऱ्या लाइनमधून त्याचा स्वतःचा आवाज वजा करा, नाहीतर त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो अडखळतो. थेट करणार असाल तर नको ते बोलणं कापता यावं म्हणून काही सेकंदांचा डिले, म्हणजे उशीर, ठेवावा लागतो, मग फोन लागताच पहिलं वाक्य ‘घरातला रेडिओ बंद करा’. गाडीतून बोलणाऱ्याला आधी गाडी बाजूला घ्यायला लावा. आणि ब्रेक, स्टिअरिंग किंवा पेट्रोलचा वास यांपैकी काहीही निघालं की हसणं तिथेच थांबवायचं. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर येत असेल तर पॅड संपलेत. तीन मिलिमीटर उरले तेव्हाच ते बदलायला हवे होते. अशा माणसाला एकच सांगायचं, गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला तिथे बोलवा.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्यांचा ‘स्टंप द चम्प्स’ हा भाग. जुन्या कॉलरला परत बोलवायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं: आम्ही सांगितलं ते बरोबर निघालं का? चुकलं असेल तर ते तसंच ऐकवलं जायचं. मराठीत करणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून ठेवावं. एक वही करा: तारीख, गाडी आणि किलोमीटर, कॉलरने तोंडाने काढलेला आवाज जसाच्या तसा, आपण काय सांगितलं, गॅरेजमध्ये काय निघालं, कुठला पार्ट बदलला, किती बिल झालं. खेळाचे अंदाजही त्याच वहीत. सहा आठवड्यांनी फोन लावा, आणि चुकलेले कॉल आधी वाजवा.