मावशीनं पुस्तक वापस केलं, त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या मावशीनं तालुक्याच्या वाचनालयात विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचं पुस्तक अर्धवट वाचून वापस केलं. मेहकरजवळच्या खेड्यात राहते ती, एकटीच. दुपारी तूर निवडून झाली की चष्मा लावून ओसरीवर वाचत बसते. का वापस केलं विचारलं तर म्हणे, "कायले वाचू वो असलं? गावच्या ग्रुपवर आलं ना, त्या पुस्तकानं घरं मोडतात म्हनून."

ते फॉरवर्ड मी मागवून घेतलं. सुरुवातीला हात जोडलेले, शेवटी 'लेकीबाळींसाठी पुढे पाठवा'. म्हणणं असं : बायकांच्या हक्कांच्या जुन्या कथा-कादंबऱ्या पुन्हा छापून खेड्यांत घुसवतात, हा कट आहे. विभावरी शिरूरकर नावाची बाई नव्हतीच, तो पुरुष होता. हे सगळं मिशनऱ्यांनी आणि पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शिकलेल्यांनी आणलं, आपल्या वऱ्हाडातल्या बायांना असलं कधी सुचलं नाही. आणि बाया वाचायला लागल्या तशी त्यांची चाल बिघडली.

कटाचं काय बोलायचं. वाचनालयाला अनुदान मिळतं, त्यातून पुस्तकं येतात. खपतात ती पुन्हा छापतात. ज्ञानेश्वरीही पुन्हा छापतातच की.

विभावरी शिरूरकर हे नाव खरं नव्हतं, एवढं बरोबर. टोपणनाव होतं ते. १९३३ साली पुस्तक आलं तेव्हाही लिहिणारं कोण म्हणून रान उठलं होतं. लिहिणारी होती बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या त्या. बाई, अगदी हाडामासाची. नाव का लपवावं लागलं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं आपलाच मेसेज पुन्हा वाचून समजून घ्यावं.

मिशनऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, कबूल करते. १८५७ ची 'यमुनापर्यटन', मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची. ते ख्रिस्ती झालेले होते आणि धर्मप्रचार त्या कादंबरीत आहेच. पण तिच्यात विधवांचे जे हाल आहेत, ते काही मिशनऱ्यांनी केलेले नव्हते.

आता 'वऱ्हाडातल्या बायांना सुचलं नाही'. इथं मात्र माझं डोकं सणकलं. अरे, ज्या जिल्ह्यात बसून तुम्ही हे पाठवता, त्याच बुलढाण्याची होती ताराबाई शिंदे! १८८२ साली तिनं 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. मराठा घरातली मुलगी, नवरा घरजावई. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यालाच सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी तिला घरीच शिकवलं, इंग्रजीसुद्धा. (घ्या, इंग्रजीचा तेवढा मुद्दा तुम्हाला दिला. पुस्तक छापलं पुण्यात, हेही घ्या.) वाशीमला जन्मलेल्या गीता साने तर पुढे कादंबऱ्याच लिहीत होत्या, पण ताराबाईवरच थांबते, कारण शेवटच्या मुद्द्याचं उत्तर तिनं आधीच देऊन ठेवलंय.

झालं असं. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. पुनर्विवाह नाही, मूल झालं तर तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून तिनं ते केलं. आणि वर्तमानपत्रांतून चर्चा कसली? तर हल्लीच्या बायका कशा बिघडल्या! पोराचा बाप कोण, हे कुणी विचारेना. ते वाचून ताराबाई भडकली आणि लिहायला बसली. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेतला आणि तोच पुरुषात कसा, किती, हे दाखवत गेली. बायको मेली की तुम्ही दुसरी आणता, मग नवरा मेल्यावर तिनंच का कोपऱ्यात बसायचं, असा तिचा रोकडा सवाल. तिचं पुस्तक कादंबरी नव्हे, निबंध आहे. पण पुरुषांनी लिहिलेल्या तेव्हाच्या कथा-नाटकांतल्या बायका कशा रंगवल्यात, त्याचीही तिनं सालटी काढलीत. तिच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले तिच्या बाजूनं उभे राहिले. पुढे पुस्तक विसरलं गेलं, ते थेट १९७५ मध्ये अभ्यासक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. म्हणजे ज्या पुनर्मुद्रणाला तुम्ही कट म्हणता, ते झालं नसतं तर आपल्याच जिल्ह्यातली ही बाई आपल्याला ठाऊक नसती.

आणि 'चाल बिघडली' हे तुमचं वाक्य नवं नाही. १८८१ च्या वर्तमानपत्रातलंच आहे, आता मोबाइलवर आलंय, एवढंच.

वाचनालयात मावशीचं पुस्तक परत मागितलं तेव्हा आत एसटीचं तिकीट होतं, खुणेला ठेवलेलं. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेपाशी. मावशीनं तेवीस वर्षं बालवाडीत काढली. आजोबांचं औषध, मामाची फी, माझ्या आईचं लग्न, सगळं त्या पगारातून. तिचं स्वतःचं राहून गेलं ते राहूनच गेलं. तिचं कोणतं घर मोडणार होतं, हे मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं नाही. कपाशीच्या भावाचा मेसेज आला.

पुस्तक मी माझ्या नावावर काढलंय. रविवारी मेहकरच्या गाडीनं जाते घेऊन. तिकीट आहे तिथंच ठेवलंय.