हिरवं कार्ड

परवा ग्लासगोत बर्न्स सपरला गेलो आणि मला न विचारता शाकाहारी करण्यात आलं. ताटाशेजारी हिरवं कार्ड! मी कोल्हापूरचा हो.

स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स ३७ व्या वर्षी गेला. १८०१ मध्ये त्याच्या मित्रांनी अ‍ॅलोवेच्या जन्मघरी पहिली पंगत मांडली, तीही हॅगिस या स्कॉटिश मांसाहारी पदार्थाचीच. आता सगळीकडे २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिवशी, हे चालतं. बॅगपाइपच्या गजरात हॅगिस वाजतगाजत येतं, लोक उभे राहतात आणि एक जण त्याच्यासमोर बर्न्सचीच कविता म्हणतो. कवीने त्याला पुडिंग-कुळाचा सरदार केलंय. सुरीची ओळ आली की म्हणणारा सुरी पुसतो आणि सरदाराच्या पोटात खुपसतो. भसकन वाफ आली, मिरीचा वास सुटला. मी काटा उचलला.

तेवढ्यात शेजारचे आजोबा कानाशी लागले. किल्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, मोज्यात खोचलेली छोटी सुरी.

"यात काय असतं, सांगू? मन घट्ट करा. मेंढीचं हृदय."

थांबले. माझा चेहरा निरखला.

"यकृत."

परत निरखला.

"फुप्फुससुद्धा!"

"आजोबा, आमच्याकडे रक्ती करतात. मुंडीवरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो."

त्यांनी माझा हात थोपटला. "घाबरू नका, तुमच्या ताटात नाही येणार. आणि हे सगळं भरतात कशात? पोटाच्या पिशवीत!"

"तीच पिशवी आम्ही वजडी म्हणून चापतो!"

"म्हणून तर तुमचं वेगळं केलंय," म्हणाले, आणि वाढणाऱ्या मुलीला हाक मारली, "ती परात जरा लांबून ने गं, यांना वास सहन होत नाही."

परात लांबून गेली. माझ्यापुढे मसूर, गाजर आणि ओट्सचा गोळा आला, सोबत बटाट्याचा नि सलगमाच्या भावकीतल्या कंदाचा लगदा. व्हिस्कीच्या जागी संत्र्याचा रस, कारण कार्ड हिरवं! आता हा बर्न्स स्वतः १७८९ पासून अबकारी खात्यात नोकरीला. दारूवरचा कर वसूल करायचा, आणि त्याच्याच नावाने हॉलभर पेले उंचावलेले. माझ्या हातात रस.

तिकीट मात्र सगळ्यांइतकंच. अर्जात आहाराचा रकाना होता, त्यात मी ठळक अक्षरांत 'काहीही चालेल' लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही, आडनाव तेवढं वाचलं. ऑफिसच्या पार्टीतही हेच. पनीरचं काहीतरी माझ्यापुढे सरकवून लोक असे हसतात, जणू उपकार केले. आपण भांडलो तर आपणच कृतघ्न.

शेवटी बर्न्सचंच गाणं, 'ऑल्ड लँग साइन'. शेवटच्या कडव्याआधीच हातांची अढी घालणाऱ्या तरुणांवर आजोबा खेकसले, मग माझा हात धरून मला आयोजकबाईंपुढे नेलं.

"जेवण जमलं ना?" बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुमच्यासाठी वीगनची सोय करतोय."

"मीच सुचवलं," आजोबा म्हणाले.