तिसऱ्या गोलरक्षकाची ‘फुकटची सहल’

स. न. वि. वि.

जानेवारी 2024 मधील आशियाई फुटबॉल चषकातील भारतीय चमूवरच्या माझ्या लेखाबद्दल आपण कोथरूडहून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तीन सामन्यांत एकही गोल न करणाऱ्या संघाने 26 जणांत तीन गोलरक्षक नेणे म्हणजे तिसऱ्याची फुकटची सहल होय, त्याच्या जागी आणखी एक आघाडीपटू हवा होता आणि मी प्रशिक्षकांची उगाच पाठराखण केली, असा आपला आक्षेप आहे.

आधी माझी चूक कबूल करतो. 1998च्या विश्वचषकात प्रत्येक संघात 23 खेळाडू होते असे मी लिहिले होते. आपण म्हणता तसे ते 22च होते. 23 ही संख्या 2002 पासून आली आणि 2022 मध्ये ती 26 झाली.

तीन गोलरक्षक नेणे ही मात्र तेव्हाचे भारताचे प्रशिक्षक श्टिमाच यांची लहर नव्हती. विश्वचषकाप्रमाणे आशियाई चषकातही किमान तीन गोलरक्षक नेण्याचा नियमच आहे. तरीही नियम आहे म्हणून गप्प बसा, असे मी म्हणणार नाही, कारण त्यामागचे कारण मैदानावर उभे राहिले की आपोआप कळते. पुण्यातील एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर सकाळी चौदा-पंधरा मुलांचा गोलवर फटके मारण्याचा सराव एकाच गोलरक्षकावर चाललेला मी अनेकदा पाहिला आहे. पहिली दहा मिनिटे तो झेपावतो, नंतर नुसता हात पुढे करतो आणि विसाव्या मिनिटाला कोपऱ्यात जाणाऱ्या चेंडूकडे उभ्या उभ्या पाहत राहतो; तिथून पुढे फटके मारणाऱ्यांचा सरावही सराव उरत नाही. स्पर्धेच्या काळात दुसऱ्या दिवशी सामना असलेल्या पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाला असे दमवणे कोणत्याच प्रशिक्षकाला परवडत नाही. म्हणजे आपल्याला जो आघाडीपटू तयार व्हायला हवा आहे, त्याच्या सरावाचा भार बव्हंशी राखीव गोलरक्षकच उचलतात.

आता ‘तो कधी खेळतच नाही’ या मुद्द्याकडे वळतो. 2014च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध 120व्या मिनिटाला नेदरलँड्सचे प्रशिक्षक फान खाल यांनी गोलरक्षक यास्पर सिलेसनला बाहेर बोलावून राखीव गोलरक्षक टिम क्रूलला केवळ पेनल्टी शूटआउटसाठी उतरवले आणि क्रूलने दोन पेनल्टी अडवून नेदरलँड्सला उपांत्य फेरीत नेले. (तिथे अर्जेंटिनाविरुद्ध तेव्हा मिळणारे तिन्ही बदल आधीच वापरून झाले होते, सिलेसनलाच उभे राहावे लागले आणि शूटआउट हातचा गेला.) याहून बोलके उदाहरण 2022च्या आफ्रिकी चषकातले आहे. कोमोरोसचा एक गोलरक्षक जखमी होता आणि उरलेले दोघे कोरोनाच्या नियमांमुळे खेळू शकत नव्हते, त्यामुळे यजमान कॅमेरूनविरुद्ध शाकेर अलहादूर हा बचावपटू गोलमध्ये उभा राहिला. गोलरक्षकाच्या जर्सीवर त्याचा 3 हा आकडा चिकटपट्टीने केलेला होता. सातव्याच मिनिटाला कर्णधाराला लाल कार्ड मिळूनही कोमोरोस केवळ 2-1 असा हरला. तिथे तीन गोलरक्षकही पुरले नव्हते!

आपला खरा राग भारताच्या गोलशून्यतेवर आहे आणि तो रास्तच आहे. ऑस्ट्रेलियाकडून 2-0, उझबेकिस्तानकडून 3-0 आणि सीरियाकडून 1-0 असे पराभव पाहिल्यावर मलाही झोप लागली नव्हती. पण अकरा जण आणि पाच बदली खेळाडू धरले तरी एका सामन्यात सोळाच उतरतात. दहा जण बसूनच राहतात आणि आपला वाढीव आघाडीपटू बहुधा त्या दहांतच असता. इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) बहुतेक संघ आघाडीची मधली जागा परदेशी खेळाडूला देतात, तेव्हा राष्ट्रीय प्रशिक्षकाने आघाडीपटू सुनील छेत्रीचा वारसदार आणायचा कुठून, हा प्रश्न आपल्या पत्रात मला सापडला नाही.

आपण ज्या तरुण आघाडीपटूचे नाव सुचवले आहे, त्याला माझा विरोध नाही. फक्त त्याच्यासाठी कोणत्या बचावपटूला किंवा मधल्या फळीतल्या खेळाडूला वगळावे, तेवढे कळवावे. गोलरक्षकाची जागा नियमाने अडवलेली आहे.