नानावटी, ज्युरी आणि मावशीचा फॉरवर्ड

नगरच्या मावशीने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला, खाली ‘हे माहीत होतं का रे तुला?’ मजकूर असा: बायकोचं ऐकून क्षणात भान सुटलेल्या कमांडर नानावटींना ज्युरीने निर्दोष सोडलं, न्यायाधीशाने मनमानीने जन्मठेप ठोकली, चिडून सरकारने ज्युरीच बंद केली, शेवटी माफी मिळाली म्हणजे निर्दोषच! तिसऱ्यांदा आलाय, म्हणून लिहितोय. नानावटी नौदलात अधिकारी होते. बायकोने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली, आणि त्याच दिवशी त्यांनी मुंबईत त्याला गोळ्या घातल्या.

ज्युरीचा, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांचा, कौल ८ विरुद्ध १ होता, एवढं खरं. पण सत्र न्यायाधीशांनी शिक्षा दिलीच नाही. कौल न पटल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायची तरतूद तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, कलम ३०७. त्यांनी ती वापरली. गंमत म्हणजे, तिथे चूक सापडली ती याच न्यायाधीशांनी ज्युरीला समजावलेल्या कायद्यात! बचाव होता, झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या. अपघात म्हणायचा तर तो आरोपीने सिद्ध करायचा, हे ज्युरीला सांगायचंच राहून गेलं. जन्मठेप दिली ती उच्च न्यायालयाने. नानावटी अपिलात गेले. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

आता ते ‘क्षणात’. निकालपत्रच वाचा. २७ एप्रिल १९५९. बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग जहाजावर गेले, ‘रात्री एकट्याने गाडीने अहमदनगरला जायचंय’ असं सांगून भांडारातून रिव्हॉल्वर आणि ६ काडतुसं घेतली. आहुजाच्या ऑफिसात गेले, तो नव्हता, म्हणून घरी. दीडच्या सुमाराला घर सोडलेलं, गोळ्या झाडल्या ४ वाजून २० मिनिटांनी. भान यायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं. आणि झटापट? आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला. ३ गोळ्या लागून पडला तरी कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता.

ज्युरी बंद करायची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती, म्हणजे गोळीबाराच्या आधी. फौजदारी कायद्यातून ती पुरती गेली १९७३ च्या संहितेने. या खटल्याने ज्युरीची अब्रू गेली, हे मान्य. माफी १९६४ ची, राज्यपालांची. ती शिक्षेला होती, दोषी ठरवणारा निकाल तसाच राहिला.

हे सगळं मावशीला पाठवलं. सकाळी उत्तर आलं, ‘नगरला यायला रिव्हॉल्वर कशाला लागतं म्हणे?’