कारण : खेकडा

माझ्या वयाच्या आणि माझ्या वजनाच्या बाईला, हातात छत्री आणि पर्समध्ये आधार कार्ड असताना, नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मध्यंतरी ॲसिड नाकारण्यात आले, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. ॲसिड मला खेकड्यासाठी हवे होते. हे वाक्य मी दुकानातही इतक्याच सरळपणे उच्चारले होते, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. पावसाळ्यात घोटी-इगतपुरीकडच्या रस्त्याला बायका काळे खेकडे विकायला बसतात. आमच्याकडे त्यांचा काळ्या मसाल्यातला रस्सा झाला, घरच्यांनी श्रावण लागायच्या आत जमतील तेवढ्या नांग्या फोडल्या, आणि शेवटी उरलेले एक अखंड कवच मी घासूनपुसून खिडकीत वाळत ठेवले. जपानमधील क्योतो विद्यापीठातील हिरोयुकी यानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात अख्खा खेकडा, पायांसकट, आरपार दिसेल असा करून दाखवला होता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्यानंतर खाण्याच्या सोड्यापलीकडे कोणत्याही रसायनाशी संबंध न आलेल्या बाईला त्याचा मोह पडला, तर त्यात नवल कसले?

कवचात कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे अतिसूक्ष्म तंतू असतात, त्यांना वेढून प्रथिने असतात आणि या सगळ्यात कॅल्शियम कार्बोनेट ठासून भरलेले असते, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात तेच. शिवाय ॲस्टॅक्झँथिन नावाचे रंगद्रव्य असते. जिवंत खेकड्यात ते प्रथिनाला जखडलेले असल्यामुळे आपला खरा रंग दाखवत नाही, आणि रश्श्यात प्रथिन मोडले की तांबडे होऊन उघडे पडते. ॲसिडने कॅल्शियम जाते, कॉस्टिक सोड्याने प्रथिने जातात, अल्कोहोलने रंग जातो. कायटिन मात्र पातळ ॲसिडला दाद देत नाही आणि पातळ कॉस्टिकलाही देत नाही, म्हणून आकार शाबूत राहतो. माझ्याकडच्या कवचात पाच ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरले, तर ते विरघळवायला तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडचे नऊ-दहा मिलिलिटर पुरतात. चहाचे दोन चमचे, त्याहून अधिक नाही.

माझ्या आधी उभे असलेले गृहस्थ “एक ॲसिड द्या” म्हणाले. दुकानदाराने मान न वळवता मागच्या फळीवरची बाटली काढली, पैसे घेतले आणि गृहस्थ चालू लागले. मीही त्याच चालीवर “एक ॲसिड द्या” म्हणाले.

“कशाला हवं, ताई?”

“खेकड्याच्या कवचातलं कॅल्शियम काढायचं आहे.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, माझ्या पिशवीकडे पाहिले, आणि गल्ल्याखालून एक वही काढली. तिच्यात पट्टीने रकाने आखलेले होते : नाव, पत्ता, ओळखपत्र, किती, कारण. वहीच्या कोपऱ्यांना वाळवी लागली होती आणि तिचे पहिले पान कोरे होते. इतक्या वर्षांत त्या दुकानातून ॲसिड नेणारी, नोंद करण्याजोगी पहिली व्यक्ती मी होते.

येथे काकांचा प्रवेश झाला. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढलेले, हातात नळाची नवी चकती घेतलेले हे काका बाजूला उभे राहून पाऊस थांबण्याची वाट पाहत होते, आणि पाऊस थांबेपर्यंत त्यांना दुसरे काही काम नव्हते.

“आधी विचारा, खेकडा जिवंत आहे की मेलेला,” ते दुकानदाराला म्हणाले.

“मेलेला आहे,” मी म्हणाले. “आम्ही खाल्ला.”

“मग आता त्याच्यावर ॲसिड कशाला?”

“पारदर्शक करायचा आहे.”

काकांनी चकती खिशात टाकली. तिचे पैसे द्यायच्या आधी, हे मी नमूद करून ठेवते.

“पारदर्शक म्हणजे आरपार दिसणारा? आत काय आहे?”

“आत काही नाही. आतलं आम्ही खाल्लं.”

“म्हणजे आत काही नाही, हे दिसावं म्हणून तुम्ही ॲसिड घेताय.”

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे आणि त्याला रसायनशास्त्रात उत्तर नाही. त्या क्षणी मात्र मी भज्यांच्या कागदाचा आधार घेतला. कागद पांढरा दिसतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा असते आणि प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो. तेल हवेची जागा घेते, तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, तंतूंच्या जवळपास असतो, म्हणून भज्यांखालचा कागद आरपार दिसू लागतो. कायटिनचेही तेच आहे. हवेचा अपवर्तनांक १, कायटिनचा साधारण १.५५. जपानी मंडळींनी मधल्या फटींत ॲक्रिलिकचे रेझिन भरले, त्याचा अपवर्तनांक १.४९ च्या आसपास असतो. तंतू प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरहून, पुष्कळ बारीक असल्यामुळे राहिलेल्या थोड्या फरकाकडे प्रकाश लक्ष देत नाही. हे सगळे मी बोलले. रंगाचे डबे घ्यायला आलेले दोन पोरगेही ऐकत उभे राहिले.

“मग तळूनच काढा की,” काका म्हणाले. “ॲसिड कशाला हवं?”

प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, आणि म्हणूनच मला अधिक राग आला. कवचातल्या कॅल्साइटचे, म्हणजे त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांचे, अपवर्तनांक दोन असतात, १.४९ आणि १.६६, त्यामुळे कोणतेही एक तेल दोघांशी एकाच वेळी जुळत नाही आणि कॅल्शियम आधी घालवावेच लागते. हे मी समजावले. काकांनी मान डोलावली आणि माझी रास कर्क आहे का, असे विचारले. नाही म्हटल्यावर ते अधिकच गंभीर झाले. त्यांच्या माहितीप्रमाणे खेकडा, ॲसिड आणि बाई या तीन गोष्टी एकत्र आल्या तर त्यामागे कोणीतरी काहीतरी सांगितलेले असते. त्र्यंबकला त्यांच्या ओळखीचे गुरुजी आहेत, त्यांच्याकडून शांत करून घ्यावी, खर्च फार नाही, आणि सोमवार सोडून कधीही जावे, कारण सोमवारी गर्दी असते.

“आम्ही शुद्ध शाकाहारी,” ते पुढे म्हणाले, “आम्हाला खेकड्यातलं कळत नाही.”

“मशरूम खाता का?”

“सून आणते.”

मशरूमच्या पेशींच्या भित्तिकांत हेच कायटिन असते. ते प्रथम सापडले तेही अळंब्यांतच, १८११ साली, आंरी ब्राकोनो या फ्रेंच संशोधकाला. कीटकांच्या आणि खेकड्यांच्या अंगावर ते आहे हे लोकांना नंतर कळले. मी हे सांगताच काकांचा चेहरा उतरला आणि लगेच उजळलाही. “मी तेव्हाच म्हणालो होतो घरात!” असे ते दुकानदाराला म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी काय झाले असेल, याची मला कल्पना करवत नाही.

एवढ्यावर थांबते तर ते काका कसले? त्यांनी आवाज खाली आणला. “कॅल्शियम विरघळतं म्हणालात ना? माझा किडनीत खडा आहे, अकरा एमएमचा. थोडं पातळ करून घेतलं तर?”

मी अक्षरशः ओरडले. मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, कार्बोनेटचा नव्हे, आणि तो कशाचाही असो, हे ॲसिड खड्यापर्यंत पोहोचण्याआधी घसा आणि अन्ननलिका जाळील. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि “पातळ करूनच म्हणतोय मी,” असे पुन्हा एकदा सांगितले.

दुकानदाराने वही मिटली. “पाहिलंत ना, ताई? म्हणूनच आम्हाला विचारावं लागतं. मिस्टरांना घेऊन या, मग देतो.”

आता थोडे गंभीरपणे. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. अठरा वर्षांखालील कोणाला विकू नये, ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण नोंदवावे. मुलींच्या तोंडावर ॲसिड फेकले जात होते म्हणून हा आदेश आला. तो कडकपणे पाळला जावा आणि माझे नावही वहीत लिहिले जावे, याला माझी तयारी होती. परंतु बाईने नवऱ्याला सोबत आणावे, हे त्या आदेशात कोठेही नाही. माझ्या आधीच्या गृहस्थांना नाव विचारले गेले नाही, कारणही विचारले गेले नाही. आमच्या कॉलनीत सायकलवरून फिनेल-ॲसिडवाला येतो, थंड पेयांच्या जुन्या बाटल्यांत भरलेले, लेबल नसलेले ॲसिड आरोळी देऊन विकतो, आणि ते घ्यायला शाळकरी पोरेसुद्धा खाली येतात. बायकांच्या रक्षणासाठी केलेला नियम साऱ्या बाजारात फक्त एका बाईला अडवण्यापुरता वापरला जावा, हे मला विनोदी वाटत नाही. आमच्या ‘ह्यां’चा रसायनशास्त्राशी शेवटचा संबंध दहावीत आला होता. त्यांना नेले असते तर ॲसिड मिळाले असते, आणि “संडास साफ करायला” हे कारण त्यांनी न विचारताच दिले असते. कारणाच्या रकान्यात संडास बसतो, फरशी बसते, कुतूहल बसत नाही.

मी व्हिनेगर आणले. पाच ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला सहा ग्रॅम ॲसेटिक ॲसिड लागते, म्हणजे चार टक्क्यांचे दीडशे मिलिलिटर, आणि शेवटचे कण हट्टी असल्यामुळे व्हिनेगर मधूनमधून बदलत राहावे लागते. काचेच्या बरणीत कवच बुडवताच त्याच्या दातेरी कडेवर मोहरीहून बारीक बुडबुड्यांची ओळ धरली, एकेक बुडबुडा सुटून वर जाऊ लागला आणि त्याच्या जागी लगेच दुसरा आला. पाच ग्रॅममधून सुमारे सव्वा लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून झाकण सैल ठेवावे. बुडबुडे थांबले तेव्हा बोटाने दाबले की वाकणारे आणि सोडले की पूर्ववत होणारे एक मऊ कवच हाती आले.

कॉस्टिक सोडा किराणा दुकानात, बिस्किटांच्या खालच्या फळीवर, पाकिटात मिळाला. कोणी काही विचारले नाही. डोळ्यांत उडाला तर तो ॲसिडहूनही खोल जाळतो. परंतु त्याच्यासाठी वही नाही, नवराही लागत नाही. मी चष्मा आणि हातमोजे घालून चार टक्क्यांचे द्रावण स्टीलच्या भांड्यात केले. ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिक खाऊन टाकते आणि वर हायड्रोजन सोडते, एवढे पदवीतले अजून आठवते.

अल्कोहोलची गंमत अशी की आमचे नाशिक वाईनचे गाव आहे. गंगापूर धरणाकडे गेले की द्राक्षबागांतून वाईन चाखायला पुण्या-मुंबईची माणसे येतात, परंतु शुद्ध इथेनॉल सामान्य माणसाला कपभरही मिळत नाही, आणि वाईनमधल्या बारा-तेरा टक्क्यांना ॲस्टॅक्झँथिन भीक घालत नाही. शेवटी करोनाच्या काळात घाबरून भरून ठेवलेले पातळ सॅनिटायझर उपयोगी पडले. कवचाचा तांबूसपणा त्यात उतरला, कवच फिके पिवळसर झाले. शेवटच्या धुण्याला मेडिकलमधला तीव्र स्पिरिट वापरला, म्हणजे पाणीही निघाले, आणि ते निघणे महत्त्वाचे असते, नाहीतर पुढचे तेल आत शिरत नाही आणि सगळे दुधाळ होते.

घरात ॲक्रिलिकचे रेझिन मुरवणे मला शक्य नव्हते. त्याऐवजी मी गंधपुऱ्याचे तेल निवडले. ते मुख्यतः मिथाइल सॅलिसिलेट असते आणि त्याचा अपवर्तनांक १.५३ च्या आसपास, म्हणजे ॲक्रिलिकपेक्षाही कायटिनच्या जवळ. पोटात गेले तर विषारी, म्हणून बरणीवर तसे लिहून ठेवले आहे. काष्ठौषधीच्या दुकानातल्या बाईंनी एवढेच विचारले, “गुडघे की कंबर?” मी कंबर म्हणाले. त्यांनी बाटली दिली आणि रात्री झोपताना लावा म्हणाल्या.

कवच आता बशीत तेलाखाली आहे आणि खाली ठेवलेल्या पंचांगातली बारीक अक्षरे त्यातून वाचता येतात, सूर्योदयाच्या वेळेसकट. मधल्या जाड भागात थोडा धूसरपणा राहिला आहे. तेलातून काढून ठेवले तर तेल हळूहळू उडून कवच पुन्हा पांढरे पडेल, म्हणून बशीला तशीच राहू देणे भाग आहे, आणि त्यामुळे आमच्या संपूर्ण जिन्याला मलमाचा वास येतो. पहिल्या दिवशी समोरच्या वहिनींनी दार वाजवून विचारले, “कुणाची कंबर धरली हो?” खेकड्याचे सांगण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी ‘ह्यां’चे नाव सांगितले. आता हे खाली उतरले की वॉचमन त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतो, लिफ्टमध्ये त्यांना पुढे जाऊ देतात, आणि काल दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांना वाटेत थांबवून भुजंगासन करून दाखवले.