लाल बटणाने विक्री वाढत नाही

“बटण लाल करा, त्यावर ‘आत्ताच खरेदी करा’ लिहा, खाली ‘शेवटच्या 2 पेट्या शिल्लक’ टाका. विक्री 21 टक्क्यांनी वाढते.” छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्ला जोरात फिरतोय. मी अशाच लोकांच्या वेबसाइट बनवतो. या सल्ल्यापायी चांगली चाललेली पानं बिघडताना पाहतोय, म्हणून लिहितो.

21 टक्के हा आकडा खरा आहे, पण तो विक्रीचा नव्हे, क्लिकचा. हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीने 2011 साली परफॉर्मेबल या कंपनीच्या पानावरची चाचणी मांडली, तिथला तो आकडा. हिरव्या बटणापेक्षा लाल बटण जास्त लोकांनी दाबलं. पण त्या पानावर हिरवा रंग आधीच भरपूर होता, त्यामुळे लाल उठून दिसलं. स्वतःच्या पानावर तपासल्याशिवाय रंग बदलू नका, असंही तिथेच बजावलं होतं. फॉरवर्ड होता होता ते गळलं.

शिवाय भडक लाल रंगावर पांढरी अक्षरं घेतली, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम 4:1 भरतो. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान 4.5:1 लागतो. एका हापूस बागायतदाराच्या साइटवर केशरी आंब्यांच्या फोटोवर लाल बटण होतं. भर उन्हात मोबाइल धरून पाहिलं, तर ते शोधावं लागत होतं. गडद हिरवं केलं, लगेच दिसलं.

आणि ‘आत्ताच खरेदी करा’? पेटी मागवणाऱ्याला आधी विचारायचं असतं: भाव काय, माल कधी निघेल, पुण्यात कधी पोचेल? तिथे थेट पैसे मागणारं बटण पाहून माणूस बिचकतो. आम्ही लिहिलं, ‘पेटीचा भाव विचारा’. दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं, आत मजकूर तयार: “5 डझनाची पेटी हवी आहे. गाव: ”. गिऱ्हाइकाने फक्त गावाचं नाव घालायचं. बटण दाबल्यावर काय होणार हे बटणावरच वाचता आलं पाहिजे, यासाठी मी प्रत्येक गिऱ्हाइकाशी हट्ट धरतो. ‘सबमिट’मधून ते कळत नाही.

राहिलं ‘शेवटच्या 2 पेट्या’. आढीत शंभर पेट्या असताना हे लिहिणं म्हणजे खोटं बोलणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई आहे, त्यात अशी खोटी घाई पहिलीच. खरोखर दोनच उरल्या असतील तर जरूर लिहा, आणि त्या गेल्या की ती ओळ त्याच दिवशी काढा.